मदत हवी आहे : एकाच संगणकावर अनेकजण काम करत असताना रुग्णांची माहिती सुरक्षित कशी ठेवावी?

नमस्कार,

एका लहान दवाखान्यातील संगणकांची देखभाल माझ्याकडे आहे. नोंदणीच्या टेबलावर एकच संगणक असून पाळीपाळीने काम करणारे सर्व कर्मचारी त्यावर एकाच नावाने लॉगिन करतात, आणि पासवर्डही सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे एखाद्या रुग्णाचा अहवाल कोणी उघडला, कोणी बदलला किंवा कोणी छापला, हे नंतर सांगताच येत नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक कृतीची नोंद ठेवते खरे, परंतु त्या नोंदीपुढे नाव नेहमी तेच असते.

प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे, असे माझे मत आहे. मात्र समोर रांग असताना दर वेळी लॉगआउट करून दुसऱ्याने लॉगिन करणे कर्मचाऱ्यांना जाचक वाटेल, आणि जाचक नियमातून लोक पळवाट काढतातच. विंडोजमधील ‘स्विच यूजर’ वापरून पाहिले, पण आधीच्या व्यक्तीचे प्रोग्रॅम मागे चालूच राहतात आणि जुना संगणक मंदावतो. यावर व्यवहार्य तोडगा कोणता?

दुसरा प्रश्न पासवर्डचा. व्यवस्थापनाला तो दरमहा बदलून हवा आहे. अमेरिकेतील ‘निस्ट’ या तांत्रिक मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत ठरावीक काळाने सक्तीचा बदल नको, पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच तो बदलावा, अशी भूमिका घेतली आहे. हे व्यवस्थापनाला कसे पटवून द्यावे?

तिसरे, बॅकअपची हार्ड डिस्क संगणकाला कायम जोडलेली असते. हे योग्य आहे का? (डिस्क विंडोजमधील बिटलॉकर या सोयीने एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी आहे, पडद्यावरील मजकूर रांगेतील लोकांना दिसू नये म्हणून मॉनिटरही वळवून ठेवला आहे, त्याबाबत शंका नाही.)

प्रतिसाद :

रुग्णनोंदींच्या सॉफ्टवेअरमधील खाती आधी वेगळी करा, कारण कोणी काय पाहिले याची नोंद तिथेच होते. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये विंडोजमधून बाहेर न पडता केवळ वापरकर्ता बदलता येतो. तशी सोय आहे का, हे पुरवठादाराला विचारा. विंडोजचे खाते तूर्त सामायिक राहिले तरी त्याला ॲडमिनचे (प्रोग्रॅम टाकण्याचे व सेटिंग बदलण्याचे) अधिकार नसावेत. जागेवरून उठताना विंडोज आणि एल ही बटणे एकत्र दाबण्याची सवय लावा आणि काही मिनिटांत पडदा आपोआप लॉक होईल असे पाहा. शिवाय नोंदणी करणाऱ्याला नाव, भेटीची वेळ आणि बिल एवढेच पुरते. निदान व अहवाल त्याच्या खात्यातून दिसायलाच नकोत.

दरमहा बदलाची सक्ती केली की लोक जुन्याच पासवर्डच्या शेवटी एखादा आकडा वाढवतात किंवा तो चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवतात. व्यवस्थापनाला हेच सांगा, आणि त्याऐवजी लांब पासवर्ड व दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज मोबाइलवरील कोडसारखा दुसरा पुरावा) सुचवा. कर्मचारी सोडून गेल्यास मात्र त्याचे खाते त्याच दिवशी बंद झाले पाहिजे.

बॅकअपची डिस्क कायम जोडलेली ठेवू नका. रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर) संगणकात शिरले तर जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही ते कुलूपबंद करते, आणि तुमच्या बिटलॉकरचा तेव्हा उपयोग नाही, कारण चालू संगणकात डिस्क उघडलेलीच असते. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील अनेक रुग्णालयांचे काम विस्कळीत केले, तेव्हा ते विंडोजमधील ज्या त्रुटीतून पसरले तिच्यावरील अपडेट मार्चमध्येच आलेला होता. म्हणून अपडेट लांबवू नका, दोन डिस्क आलटून-पालटून वापरा, एक नेहमी काढून दुसऱ्या जागी कुलपात ठेवा, आणि अधूनमधून बॅकअपमधून एखादी फाइल प्रत्यक्ष परत मिळवून पाहा.