फी नाही, ऑडिशन आहे

'अमेरिकेतल्या नाटकाच्या शाळा म्हणजे पैसेवाल्यांची हौस, अभ्यासाच्या नावाने बोंब' असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय. खाजगी शाळांबद्दल पहिला भाग खरा असेलही, पण न्यूयॉर्कची लाग्वार्डिया हायस्कूल सरकारी आहे. फी शून्य. शहरात राहणाऱ्या कुणालाही अर्ज करता येतो. नाटकाचं शिक्षण तिथे गणित-विज्ञान-इतिहासाच्या जोडीने चालतं, त्यांच्याऐवजी नाही. राज्याच्या रीजंट्स परीक्षा (शालेय विषयांच्या राज्यस्तरीय परीक्षा) या मुलांनाही चुकत नाहीत. शहरात नऊ 'स्पेशलाइज्ड' हायस्कुलं आहेत, म्हणजे निवड करून प्रवेश देणाऱ्या सरकारी शाळा. आठांच्या प्रवेशाला लेखी परीक्षा, लाग्वार्डियाला मात्र ऑडिशन.

आमच्या भाचीने नाटकासाठी दिली होती. एकमेकांपेक्षा वेगळ्या प्रकृतीची दोन स्वगतं, प्रत्येकी साधारण एका मिनिटाची. ऐकायला सोपं वाटतं ना? पोरगी महिनाभर स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, मोबाइलवर टायमर लावून म्हणायची. रडका उतारा कायम सव्वा मिनिटावर जायचा. शेवटी तिने शब्द तेवढेच ठेवले आणि हुंदके कापले, तेव्हा कुठे तो बरा वाटायला लागला! (आमच्या गॅदरिंगला नेमकं उलटं चालायचं, हुंदक्यालाच टाळ्या.)

आणि ज्यांच्या मुलांना रंगमंचाच्या मागे रस आहे त्यांच्यासाठी: तिथे तांत्रिक बाजूचा वेगळा विभाग आहे. प्रकाश, नेपथ्य, वेशभूषा वगैरे. त्याचा उल्लेख इथे कुणीच केला नाही.