मदत हवी आहे: थंडीत घरी कांगारू केअर कशी चालू ठेवू?

नमस्कार मैत्रिणींनो,

मुलगी तेहेतिसाव्या आठवड्यातच झाली, सिझेरियनने. वजन १.७ किलो, त्यामुळे लगेच काचेत ठेवली. आता आम्ही दोघी पंचवटीत माझ्या माहेरी आहोत. वजन दोन किलोच्या पुढे गेलंय, दूध नीट ओढते.

पोटात होती तेव्हा आमचं छान जमायचं. दिवेलागणीला मी मोठ्याने परवचा म्हणायचे आणि ती हमखास लाथा मारायची. आता तीच मांडीवर असते आणि मला दुसऱ्या कुणाचं बाळ सांभाळतेय असं वाटतं. तिचं सगळं वेळच्या वेळी करते, पण माया दाटून येत नाही. मावशी म्हणाली होती, पान्हा फुटला की माया येतेच. पान्हा आलाय, मी अजून वाट बघतेय.

दवाखान्यात सिस्टरांनी तिला फक्त लंगोट, टोपी, मोजे घालून माझ्या उघड्या छातीशी बांधलं होतं, यालाच कांगारू केअर म्हणतात. तिचा श्वास संथ होत गेला, माझाही. तेवढा वेळ ती माझी वाटली. घरीही मला तेच करायचंय, पण आई आणि आजीला पटत नाही. निफाडचा पारा रोज खाली जातोय, शेगडी पेटवूनही खोलीत गारठा, आणि अशात बाळाचे कपडे काढायचे? शिवाय अंगावरची सवय लागेल, ही भीती आहेच. दोघी माझ्यासाठी रात्र रात्र जागतात, त्यांना दुखवायचं नाहीये.

थंडीत घरी कुणी केलंय का? टाके असताना कसं बसायचं? नवरा सिन्नरहून शनिवारी येतो, त्याने घेतलं तर चालेल? आणि तुम्हाला माया कधी आली? खरं सांगा.

प्रतिसाद

ताई, माझाही मुलगा काचेत होता. तो ओळखून हसायला लागला तेव्हा कुठे मला भरून आलं. त्याआधी नुसती काळजी होती.

आजींना सांगा, ही पद्धत १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली, ती काचेच्या पेट्या अपुऱ्या होत्या म्हणूनच. आईच्या अंगाची ऊब बाळाला थेट मिळते, वरून दोघींवर शाल घ्यायची. कमी वजनाच्या बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. एकदा घेतलं की निदान तासभर ठेवा. पाठीला उशा लावून रेलून बसा, बाळ छातीवर उंच, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही. नाक मोकळं, मान एका बाजूला. डोळा लागत असेल तर शेजारी कुणीतरी जागं हवं. बाबांनी जरूर घ्यावं.

कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत अजिबात नको. धूर दिसला नाही तरी विषारी वायू साचतो.

परवचा पुन्हा म्हणा. बाळाला पोटातच ऐकू यायला लागतं आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं.

उदासपणा, रडू येणं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना स्वतःबद्दलही सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. रात्रीही लागतो.