महागाई उतरली म्हणतात, मग घरखर्च का उतरत नाही?

पेठेतली
ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्के होता, 2012 हे आधारवर्ष धरून मोजलेल्या मालिकेतला नीचांक. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेच्या सर्वेक्षणात मात्र लोकांनी चालू महागाई सात टक्क्यांच्या आसपास सांगितली. हा लोकांचा गैरसमज आहे, असं म्हटलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. दर खाली आला म्हणजे भाव वाढायचा वेग कमी झाला. आधी वाढलेलं वाढलेलंच राहिलं. जानेवारी 2025 मध्ये एसटीचं भाडं जवळपास 15 टक्क्यांनी वाढलं, फेब्रुवारीत मुंबईत रिक्षाचं किमान भाडं 23 चं 26 झालं. ते परत 23 होणार आहे का? जुलै 2023 मध्ये टोमॅटो भडकला तेव्हा आमच्या भागातल्या खाणावळीनं डब्याचे पैसे वाढवले. पुढे टोमॅटो मातीमोल झाला, डबा तिथंच. असं दोन-चारदा झालं की माणूस पुढची वाढ गृहीत धरूनच खर्च करतो.

आकडेमोड
असहमत. त्या मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा जवळपास 46 टक्के होता, म्हणजे स्वयंपाकघर आकड्यात पुरेपूर होतं. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, टूथपेस्ट, बिस्किटांवरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला, त्यावर इथे चर्चेचा धागा कुणी काढला? वाढ लक्षात राहते, घट राहत नाही. शिवाय मोबाईलचे रिचार्ज, घरपोच जेवण हे आपण वाढवलेले खर्च आहेत, ते महागाईच्या खात्यात टाकू नका. आणि भाव वाढणार अशी खरंच खात्री असेल, तर लोक आजच तेलाचे डबे भरून ठेवतील. तसं दिसतंय का?

पेठेतली
डबे भरायला हातात पैसे लागतात. आमच्याकडे पूर्वी पंधरा किलोचा डबा यायचा, आता लिटरची पिशवी येते. ती महाग पडते हे कळतं, पण एकदम तेवढे पैसे अडकवायची छाती होत नाही, कारण जूनमध्ये शाळेची फी किती वाढेल याचा भरवसा नसतो. पगार वाढणार नाही आणि भाव वाढणार, अशी दोन्ही अनुमानं एकत्र आली की माणूस साठा करत नाही, हात आखडता घेतो. दिवाळीचे कपडे, पंखा, बाहेरचं जेवण, आधी यांच्यावर काट बसते.

निफाडकर
भाजी स्वस्त झाली याचा अर्थ आमच्याकडे काय होतो, तेही ऐका. डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली, ती शहरातल्या ओरडीमुळे. नंतर भाव पडला तेव्हा आमच्यासाठी कुणी ओरडलं नाही. खत, मजुरी, डिझेल आम्हालाही वाढीव भावानंच घ्यावं लागतं. साठवणीच्या कांदाचाळीत कांदा सडायला लागला की मिळेल त्या भावाला लासलगावला न्यावाच लागतो. एसटीच्या भाडेवाढीला तुम्ही चार दिवस बोलता आणि गप्प बसता, पण कांदा वाढला की सरकार हलवता. ही कुठली रीत?

अन्नपूर्णा
माझी खाणावळ आहे, म्हणून उत्तर देते. ताई, टोमॅटो हा फक्त निमित्त असतो. व्यावसायिक सिलिंडर, गाळ्याचं भाडं, पोळ्या लाटणाऱ्या बायकांचा पगार, सगळं आधीच वाढलेलं असतं. आम्ही महिनोन्‌महिने पोटात घालतो, कारण डबा दहा रुपयांनी वाढवला की दोन-चार गिऱ्हाइकं तुटतात. टोमॅटोच्या वेळी सगळेच वाढवतात, तेव्हा आम्हीही वाढवतो. आता टोमॅटो उतरला म्हणून त्या बायकांचा पगार उतरवू का?

पेठेतली
नाही, मुळीच उतरवू नका. पण मग आकडेमोड यांनी सांगावं, हा डबा पुन्हा स्वस्त होणार नाही हे ओळखणारं गिऱ्हाईक चुकतंय कुठे?

आकडेमोड
डब्याबाबत चुकत नाही. पण एका डब्यावरून सगळ्याच वस्तूंना सात टक्के लावतं, तिथे चुकतं. आणि त्याच समजुतीवर प्रत्येक जण आपापला दर वाढवून ठेवतो. निफाडकरांच्या मुद्द्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.