मदत हवी आहे: भाच्याची पोक्सो केसमध्ये साक्ष आहे, त्याच्याकडून पाठ करून घ्यायचं का?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरकडचाच आहे, गाव शाळा काही विचारू नका. भाचा ११ वर्षांचा. घरी येणाऱ्याजाणाऱ्यांपैकीच एक माणूस गेल्या वर्षी त्याच्याशी घाण वागला, पोरगं दोन महिने गप्प, मग एका रात्री आईला सांगितलं. एफआयआर झाली, मॅजिस्ट्रेटसमोर जबाब झाला, चार्जशीटला पोक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं, कलम १० आहे. आता पुढच्या महिन्यात कसबा बावड्याला कोर्टात साक्ष आहे.

अडचण अशी की मेडिकलमध्ये काहीच आलं नाही, बघणारंही कोणी नाही, म्हणजे सगळी केस पोराच्या शब्दावर. म्हणून ताईनं त्याचं सांगणं वहीत लिहून काढलंय आणि रोज संध्याकाळी म्हणून घेते. परवा मी ऐकलं, पाढे म्हटल्यागत सलग म्हणत होता, अडकला की परत पहिल्यापासून. पोटात कालवलं बघा. पण ताई म्हणते समोरचा वकील गोंधळात टाकणार, तयारी नको का? तिचंही चुकतंय असं वाटत नाही. त्यात पलीकडचे निरोप धाडतायत, कपड्यावरनं हात लावला तर केस टिकत नसते, पैसे घ्या आणि मिटवा. नुसत्या पोराच्या सांगण्यावर कोर्ट विश्वास ठेवतं का, त्या माणसासमोर उभं राहावं लागतं का, आणि शिक्षा झालीच तर किती? कोणी अनुभवी असेल तर सांगा की.

काळा कोट: दादा, ती म्हणून घ्यायची पद्धत आजच्या आज बंद करा. बालसाक्षीदाराच्या बाबतीत कोर्ट सगळ्यात आधी हेच बघतं की पोर पढवलेलं आहे का. जज सुरुवातीला साधं विचारतात, शाळा कुठली, खरं खोटं म्हणजे काय, आणि त्याला प्रश्न समजतो का, उत्तर देता येतं का हे ठरवतात. साक्षीला कमीत कमी वय असं काही नाही. १२ च्या आतल्या पोराला शपथ न देताही साक्ष घेता येते. आणि त्याचं सांगणं भरवशाचं वाटलं तर एकट्या त्याच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते. अशा स्पर्शाच्या केसमध्ये मेडिकलला काही नसणं हेच नेहमीचं, त्यानं घाबरू नका. जबाबात नि साक्षीत बारीकसारीक फरक पडतोच, मूळ गोष्ट बदलायला नको. पाठ केलेलं पोर वाक्य विसरलं की मूळ गोष्टीवरच अडखळतं, तिथंच उलटतपासणीत सापडतं. दोन महिने उशीर का झाला ते मात्र ताईंनी सरळ सांगावं, भीती होती तर भीती होती.

कपड्यांचं म्हणाल तर जानेवारी २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं तसा निकाल दिला होता खरा, पण सुप्रीम कोर्टानं १८ नोव्हेंबर २०२१ ला तो रद्द केला. लैंगिक हेतू महत्त्वाचा, कातडीला कातडी लागली का हे नाही. निरोपवाल्याला हे ऐकवा. खरं तर ऐकवूही नका, कोण, कधी, काय बोललं ते पोलिसांना सांगा.

माई बावडेकर: कोर्टात नोकरी केलीय म्हणून सांगते. दार बंद असतं, आई आत बसू शकते. आरोपी पोराला दिसणार नाही अशी सोय करायचं कलम ३६ मध्ये आहे, पडदा लावतात नाहीतर व्हिडिओवरनं घेतात. दोन्हीकडचे वकील प्रश्न जजना देतात आणि जज पोराला विचारतात, वकिलानं थेट अंगावर जायचं नसतं. दमला तर मधे सुट्टी मागता येते. बालकल्याण समितीकडे सपोर्ट पर्सन, म्हणजे केसभर पोराच्या सोबतीला राहणारा माणूस, मागितलाय का? नसेल तर आधी मागा, तोच त्याला कोर्टरूम रिकामी असताना दाखवून आणतो, ती खरी तयारी. सरकारी वकिलांना पण साक्षीच्या आधी एकदा भेटा.

काळा कोट: शिक्षेचं राहिलंच. पोर १२ च्या आतलं म्हणून कलम १०, कमीत कमी ५ वर्षं, जास्तीत जास्त ७, वर दंड. गुन्हा शाबित झाला तर जजला ५ च्या खाली येता येत नाही. म्हणून जन्मदाखला आणि शाळेचा दाखला दोन्ही तयार ठेवा, वयावरनं कलमच बदलतं, १२ पूर्ण असतं तर कलम ८ म्हणजे ३ ते ५ वर्षं. कलम २९ चं गृहीतकही तुमच्या बाजूनं आहे, म्हणजे आरोपीनं उलट शाबित करेपर्यंत गुन्हा त्यानंच केला असं कोर्ट धरतं, पण आधी मूळ घटना सरकारला शाबित करावी लागते, नुसतं कलम वाचून कोणी आत जात नाही. तडजोडीचं विसरा. २०२४ मध्ये राजस्थानच्या एका केसमध्ये तडजोड झाली म्हणून हायकोर्टानं रद्द केलेली एफआयआर सुप्रीम कोर्टानं परत उभी केली. नुकसानभरपाई वेगळी, ती स्पेशल कोर्टाकडे मागायची, त्याला पलीकडच्यांचा रुपया लागत नाही.

तांबडापांढरा: भावा, वय नि नातं दोन्ही लिहिलंयस, यापुढं तारीख बिरीख टाकू नकोस. ओळख फुटेल असं छापणं हाही गुन्हाच आहे.

धागाकर्ता: व्हय, ध्यानात आलं. ताईला हे सगळं वाचून दाखवलं, ती रडली आणि वही कपाटात ठेवली. पोराला आज म्हणायला लावलं नाही, तर तोच विचारायला लागला, मामा आज नाही का घेणार? काय सांगायचं कळेना, रंकाळ्यावर फिरवून आणला. ती वही फाडून टाकू का?

काळा कोट: फाडू नका. सरकारी वकिलांना भेटाल तेव्हा अशी वही आहे, रोज घोकून घेत होतो, हे सरळ सांगा. समोरच्यानं कोर्टात काढण्यापेक्षा त्यांना आधी माहीत असलेलं बरं.

धागाकर्ता: सोमवारी जातो, वही घेऊनच.