मंत्र 'सोडणे' म्हणजे मारणे की टाकून देणे?

पळसफूल : दारव्ह्याजवळच्या आमच्या गावात आम्ही पाच जण रविवारी रात्री डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, म्हणजे जादूगार, योद्धा अशी पात्रं घेऊन, फासे टाकत गोष्ट पुढे नेण्याचा खेळ. दर वेळी इंग्रजी वाचून तोंडी मराठी करायचा कंटाळा आला, म्हणून मी नियम मराठीत उतरवून राहिलो. (पाचव्या आवृत्तीची मूळ नियमसंहिता 2023 च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळी झाली आहे, तेव्हा चोरी नाही.) परवा माझ्या एका वाक्यावरून खेळ बंद पडला. वाक्य असं: 'एकाग्रता लागणारा दुसरा मंत्र सोडल्यास पहिला मंत्र सुटतो.'

आमच्या जादूगाराने एका डाकूला 'होल्ड पर्सन'ने जागीच जखडलं होतं. पुढच्या पाळीत त्याने 'वेब', म्हणजे जाळ्याचा मंत्र काढला. दोन्हींना एकाग्रता लागते, म्हणजे मंत्र चालू राहावा म्हणून लक्ष त्यावरच धरून ठेवावं लागतं, आणि असा एका वेळी एकच धरता येतो. मी म्हटलं, डाकू मोकळा. तो म्हणे, "काऊन? जाळं मी सोडलं कुठं, धरून ठेवलं न! आन् पहिला सुटते म्हणजे बाण सुटते तसा. तो तर आता सुरू झाला." बाकीचे तिघं त्याच्याच बाजूने गेले. तर 'कास्ट'ला, म्हणजे मंत्र वापरण्याला, क्रियापद कोणतं घ्यावं?

तिफण : 'मारणे'. मूठ मारतात, फुंकर मारतात, मंत्रही मारावा. विषय संपला.

सांबारवडी : मारणे नको भाऊ. पोरं रात्री दार लावून 'मंत्र मारला' म्हणून ओरडू लागली तर कोणीतरी 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा घेऊन अंगणात येईल. माझ्या भावाने त्याच्या मंत्रांच्या यादीवर 'करणीचा तक्ता' असं लिहिलं होतं. आईने तो कागद चुलीत घातला, वर त्याची दृष्ट काढली.

रातपाळी : सरळ 'कास्ट केला' लिहा ना. सगळ्यांना कळतं.

पळसफूल : लिहून पाहिलं. "तुझं कास्ट झालं का?" विचारलं की एक जण हमखास म्हणतो, "झालं, व्हॅलिडिटी बाकी आहे."

निवृत्त गुरुजी : इंग्रजीच्या दारी जायचे कारणच नाही. 'सोडणे' अगदी योग्य आहे. ब्रह्मास्त्र सोडले म्हटल्यावर कोणी ते त्यागले असे समजत नाही. संकल्प सोडतात, म्हणजे ताम्हनात पळीभर पाणी सोडून व्रताला आरंभ करतात. आणि व्रत सोडले की व्रत संपते. भाषा संदर्भाने चालते. फार तर 'मंत्रप्रयोग करणे' म्हणा.

तिफण : गुरुजी, 'सोडणे' तरी कुठं आपलं? हिंदीतला 'छोडना' घासून घासून झालेला आहे.

निवृत्त गुरुजी : साफ चूक. छुरी–सुरी, छाल–साल, पूछना–पुसणे या जोड्या पाहा. हिंदीत जिथे छ राहिला तिथे मराठीत स झाला. दोघी प्राकृताच्या लेकी, एकीने दुसरीकडून उसने आणलेले नाही. हिंदीची खरी छाया पाहायची तर पळसफूल यांचे 'उतरवून राहिलो' पाहा. शब्दचर्चेत तरी 'उतरवतो आहे' लिहावे.

सांबारवडी : झालं सुरू. आम्ही साम्बार म्हटलं तरी तुम्ही कोथिंबीर दुरुस्त करणार. 'करून राहिला' माझी आजी म्हणायची आणि तिला हिंदीचं एक वाक्य धड येत नव्हतं.

डवरा : गुरुजींच्या 'सोडणे'वर सांगतो. शेतात तर दिवसभर हेच. ओलिताला पाणी सोडलं म्हणजे काम लागलं. डवरा सोडला म्हणजे बैल मोकळे, काम बंद. बाबांना "सोडलं का?" असं फोनवर विचारलं तर ते आधी विचारत, "तू विहिरीवर हायेस का धुऱ्यावर?"

रातपाळी : संदर्भाने कळतं हे गप्पांत ठीक आहे, नियमात नाही. एकाग्रतेचा मूळ नियम काढून बसलोय. ती जाते चार वाटांनी. एक, एकाग्रतेचाच दुसरा मंत्र लावला. दोन, मार बसला: वीस बाजूंचा फासा टाकून किमान 10 किंवा बसलेल्या माराच्या निम्मे, यातला मोठा आकडा गाठावा लागतो. म्हणजे 30 चा मार बसला तर 15. तीन, जादूगार बेशुद्ध पडला, काहीच करता येऊ नये असा हतबल झाला किंवा मेला. आणि चार, त्याने स्वतःहून सोडून दिली. त्याला पाळीही खर्च होत नाही, कधीही सोडता येते.

आता गुरुजी, पहिल्या वाटेत 'सोडणे' आणि चौथ्या वाटेतही 'सोडणे', एकाच परिच्छेदात. अर्जुनाला हा घोळ नव्हता, कारण ब्रह्मास्त्र त्याला साठ सेकंद धरून ठेवायचं नव्हतं.

तिफण : मग 'टाकणे' घ्या.

सांबारवडी : आमच्या गल्लीत 'टाकलेली' म्हणजे काय ते विचार. टाकणे, सोडणे, दोन्हींत हातातून जाणंच आहे. मला 'लावणे' आवडलं, रातपाळीने वर नकळत वापरलंय. दिवा लावतो, मोटर लावतो, कुलूप लावतो. लावलेलं नंतर चालू राहतं.

पळसफूल : हे पटतंय. मंत्र लावला, धरला, मार बसून तुटला, स्वतः सोडला. पण 'फायरबॉल', म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र? तो धरायचा नसतोच, त्या क्षणी 20 फूट त्रिज्येत आग आणि खलास. तो 'लावला' कसा म्हणू?

तिफण : आग लावतातच की. कोणी कोणी तर बोलून लावतात.

धारणीकर : उशिरा आलो. मेळघाटात भुमका, म्हणजे गावचा मांत्रिक-वैदू, मंत्र लावतही नाही, मारतही नाही. माझ्यासमोर पाणी 'मंतरून' दिलं होतं. आख्खं क्रियापद तयार आहे: मंतरणे. आणि दुसऱ्याचा मंत्र काढायचा त्याला 'उतरवणे'. आमच्याकडे इचू (विंचू) उतरवतात. (उतरवणारा गाठण्याआधी दवाखाना गाठा, हे आपलं माझं.) 'डिस्पेल मॅजिक'ला 'उतारा' झकास बसेल.

रातपाळी : मंतरणे कोणाला तरी किंवा कशाला तरी लागतं. डाकूला मंतरलं, ठीक. जाळं मंतरलं म्हणजे जाळं आधीच होतं असं वाटतं. इथे ते हवेतून येतं.

डवरा : आन् उतारा म्हटलं की मले तलाठीच दिसते. पळसफूलच्या वहीत 'उताऱ्यासाठी तिसऱ्या पातळीचा एक स्लॉट लागतो' असं वाचून सातबारावाले रांग लावतील.

निवृत्त गुरुजी : एक राहिले. 'एकाग्रता' तरी कशाला? योगशास्त्रात चित्त एका जागी बांधून ठेवण्याला 'धारणा' म्हणतात. मंत्र 'धरणे' याच्याशी नातेही जुळते.

सांबारवडी : "माझी अशी धारणा आहे" असं म्हणत जादूगार उभा राहील. छान.

पळसफूल : गुरुजींचा मान ठेवून एकाग्रताच ठेवतो. बाकीचं 'लावणे'वर आहे, फायरबॉल अडला आहे. डाकूचं काय करायचं ते कोणीच सांगितलं नाही आणि रविवार परवावर आला. थ्री फेज आली वाटतं, हरभऱ्याला पाणी सोडून येतो.

निवृत्त गुरुजी : डवरा, ते 'धुऱ्यावर' म्हणजे बांधावर ना?

डवरा : नाही गुरुजी. बांध वेगळा, धुरा वेगळा.

तिफण : आमच्याकडे एकच.