मदत हवी आहे: आईच्या हाडांसाठी पालक रोज द्यावा का?

धंतोलीकर: आईच्या डेक्सा (हाडांच्या घनतेची तपासणी) रिपोर्टमध्ये टी-स्कोअर उणे २.७ आलाय. कॅल्शियमची गोळी सुरू आहे. आता रोज पालकाची डाळभाजी आणि सकाळी पालेभाज्यांचा कच्चा रस द्यायचं म्हणतो. चालेल ना? लवकर सांगा, उद्या बाजार आहे.

मेथीची_जुडी: वय किती? मुतखडा होऊन गेलाय का? बाकीच्या गोळ्या कोणत्या?

बर्डीवाले_काका: पालक सोडा भाऊ! त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, जेमतेम ५ टक्के अंगी लागतं. दुधातलं ३० टक्क्यांच्या आसपास. मुनग्याचा (शेवग्याचा) पाला सावलीत वाळवा, पावडर करा, रोज दोन चमचे द्या.

मेथीची_जुडी: काका, मुनगा चांगलाच. पण पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, दोन चमच्यांत कितीसं भागणार? आणि पालक अगदी सोडायची गरज नाही. भरपूर पाण्यात ५ मिनिटं उकळून पाणी फेकायचं, विरघळणारं ऑक्झलेट बरंच निघून जातं. डाळीसोबत कुकरला लावला की तेच पाणी भाजीत राहतं. चुक्याचंही तसंच.

महालची_सून: वांगी-टमाटर बंद करा आधी, सांधे धरतात.

मेथीची_जुडी: ताई, प्रश्न हाडांच्या ठिसूळपणाचा आहे, सांधेदुखीचा नाही. वांग्याने हाडं झिजत नाहीत.

धंतोलीकर: वय ६४. मुतखडा नाही. हृदयाची झडप बदललीय म्हणून वॉरफॅरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू आहे. त्याचा भाजीशी काय संबंध?

मेथीची_जुडी: अहो, हेच पहिल्या ओळीत हवं होतं! पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या उलट काम करतं. एकदम वाढवलं तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) पडतो, झडपेवर गुठळी धरू शकते. रस नको, मुनग्याची पावडरही नको.

बर्डीवाले_काका: हे असेल तर माझं मागे घेतो. दूध-दही वाढवा. आणि स्नायूंचंही बघा, नुसत्या भाजीने ते भरत नाहीत. ६० किलो वजन असेल तर दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं हवीत: डाळ, दही, अंडी खात असतील तर अंडी.

धंतोलीकर: मग पालेभाजी पूर्ण बंद करू?

मेथीची_जुडी: अजिबात नको! एकदम बंद केली तर आयएनआर चढतो, रक्तस्राव होऊ शकतो. आजवर आठवड्याला जेवढी खात आल्या तेवढीच ठेवा. बदल करायचाच तर हृदयाच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि आयएनआर लवकर तपासा. टी-स्कोअर उणे २.५ च्या खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडांचा ठिसूळपणा), तेव्हा नुसतं कॅल्शियम पुरेल का, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.