भाट्ये धाव: पैसे कुठे भरायचे ते आज ठरवा

मंडळी,
खजिनदारांचा कालचा मेल वाचून झोप उडाली. रविवारी पहाटे साडेपाचला भाट्ये पुलावर अठरा जण कॅन्सरच्या पेशंटसाठी धावायला उभे राहणार आणि जमलेले पौंड ब्रिटनमधल्या आपल्या मंडळाच्या खात्यात पडून! सरळ इथल्या संस्थेला का पाठवत नाही? कॅन्सरच्या पेशंटला स्लीपरचं तिकीट माफ असतं, पण तुतारी एक्स्प्रेसमधून दादरला उतरल्यावर टॅक्सी, जेवण, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी? ते या संस्थेचीच माणसं बघतात. आज उत्तर हवं.
– धाकटा, सध्या रत्नागिरी

> सरळ इथल्या संस्थेला का पाठवत नाही?

तिसऱ्यांदा सांगतो. संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी नाही, आणि मंडळ पडलं ब्रिटनमधलं. नोंदणी असती तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसे आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच यावे लागतात. नोंदणीवाल्या दुसऱ्या संस्थेकडून फिरवून आणायची वाटही त्याच दुरुस्तीने बंद झाली. नाना, फोनवर लोकांना तसं सांगू नका.
ज्यांचा पासपोर्ट अजून भारतीय आहे त्यांनी आपल्या कमाईतून, आपल्या खात्यातून दिलेले चालतात. ओसीआयवाल्यांचे, म्हणजे मूळ भारतीय पण आता परदेशी पासपोर्ट असलेल्यांचे, नाहीत.
– खजिनदार

सांगितलं नाही, विचारलं होतं. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब दिवाळीनंतर हाती आला तेव्हा कुठे होते हे नियम? माझा जन्म पावसचा, सातबाऱ्यावर अजून नाव आहे, आणि मी परदेशी?
– नाना

नाना, त्या सातबाऱ्यावर तुमच्यासोबत आणखी सव्वीस नावं आहेत, निम्मी वर गेलेली.
पाण्याचं कुणी बघितलंय का? झरी विनायक मागे पडला की चढ लागतो, वर गोळपचा कातळ, झाडाची सावली नाही. पाकिटातली पावडर नको, मीठ घातलेलं कोकम द्या. मी दोन कळशा करून ठेवते. आमच्या मोठ्या जाऊबाईंना केमोनंतर तेवढंच घशाखाली उतरायचं. दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहिल्या होत्या, तिथेही बाटली पाठवायचे मी.
– माई

माई, कोकमाने आंबट ढेकर येतात, अकराव्या किलोमीटरला नको. माझा अनुभव आहे. पावडर मी आणलीय.
– डॉक्टर

तुमचा अनुभव ट्रेडमिलवरचा.
– माई

कोकमाचं नंतर बघू! खजिनदार, मग जमलेल्याचं काय? अठरांत भारतीय पासपोर्टवाले पाचच. बाकीच्यांनी त्या पाचांकडे दिले तर?
– धाकटा

नाही. ‘आपल्या कमाईतून’ लिहिलंय ते वाचा. माझं म्हणणं, ज्याचे त्याला परत करू. त्यांनी आपापले इकडे ब्रिटनमधल्या कॅन्सर संस्थेला दिले, गिफ्ट एडचा, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचा, फॉर्म भरला, तर संस्थेला पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून वर मिळतात.
– खजिनदार

म्हणजे धावायचं गोळपच्या कातळावर आणि पैसे लंडनला? मग इथे दमायचं कशाला? टेम्सच्या काठानेच धावलो असतो, एकवीस किलोमीटर तिकडेही भरतात.
– नाना

नाना, तुम्ही धावणार नाही आहात. तुम्ही पुलावर घड्याळ धरणार आहात.
खजिनदार, परत करा, पण प्रत्येकाला विचारून. आम्ही पाच जण आपापले इथे थेट देतो, पावत्या या मेलच्या यादीवर टाकतो. पावडर आणि कोकम दोन्ही ठेवू, वेगवेगळ्या टेबलांवर. पाचला या, टॉर्च आणा, फणसोपच्या वळणावर कुत्री अंगावर येतात.
– धाकटा